डोमेनचा मालक शोधताना: हूइज, आरडॅप की सशुल्क इतिहास?

कोणतेही साधन निवडण्याआधी एक वस्तुस्थिती मान्य करावी लागते. वैयक्तिक माहिती जपणारा युरोपचा जीडीपीआर कायदा २५ मे २०१८ रोजी लागू झाल्यापासून डॉट कॉमसारख्या डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, नोंदीत खासगी मालकाचे नाव, फोन आणि ईमेल सहसा झाकलेले असतात, आणि झाकलेली माहिती कोणतेच मोफत साधन उघडून दाखवत नाही. त्यामुळे मालकाचे नावच हवे आहे, की डोमेन कधी मोकळे होईल हे कळले तरी पुरेल, यावर निवड ठरते.

हूइज ही डोमेनची नोंद विचारण्याची १९८२ पासूनची व्यवस्था. लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एका ओळीच्या आज्ञेने उत्तर मिळते आणि शंभर डोमेन एकदम तपासायची असतील तर ही सोय मोठी आहे. मात्र उत्तर साध्या मजकुरात येते, त्याची मांडणी जागोजागी वेगळी असते, आणि २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या डोमेनसाठी ही सेवा देण्याचे बंधन आयकॅनने, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने, काढून टाकले आहे. म्हणजे हूइजकडून उत्तर आले नाही, यावरून ते डोमेन शिल्लक आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

तिची जागा आरडॅप या नव्या, ठरावीक मांडणीत उत्तर देणाऱ्या व्यवस्थेने घेतली आहे. आयकॅनच्या लुकअप पानावर डोमेन टाकले की ते रजिस्ट्री (डॉट कॉमसारख्या शेपटाची मुख्य नोंदवही सांभाळणारी संस्था) आणि रजिस्ट्रार (ग्राहकाला डोमेन विकणारी कंपनी) यांच्याकडून थेट माहिती मागवते. बहुतेकांनी सुरुवात इथूनच करावी, असे माझे मत आहे. वाचताना फक्त मुदतीच्या तारखेने फसू नये. डॉट कॉमची मुदत संपताच रजिस्ट्री ती आपोआप वर्षभर पुढे ढकलते, त्यामुळे मालकाने पैसे भरलेले नसतानाही रजिस्ट्रीच्या नोंदीत पुढच्या वर्षाची तारीख दिसते आणि रजिस्ट्रारच्या नोंदीत मात्र जुनीच राहू शकते. मुदत संपल्यावरही रजिस्ट्रार ४५ दिवसांपर्यंत थांबू शकतो. त्याने नाव काढून टाकले की मालकाला ते सोडवून घेण्यासाठी ३० दिवस मिळतात आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते मोकळे होते. नावावर डोळा ठेवून बसलेल्याने तारखेइतकेच ‘स्टेटस’च्या ओळीकडे पाहावे: ‘रिडेम्प्शन पीरियड’, म्हणजे सोडवून घेण्याचे ते ३० दिवस, दिसले तर वाट पाहण्यात अर्थ आहे, नुसते ‘ओके’ दिसले तर नाही.

आयकॅनचे हे नियम देशांच्या डोमेनना बंधनकारक नाहीत. डॉट इन आणि देवनागरीतले डॉट भारत निक्सी या भारतीय संस्थेकडे आहेत, म्हणून त्यांच्यासाठी निक्सीच्या रजिस्ट्रीचा शोध वापरणे सरळ पडते.

डोमेनटूल्ससारख्या सशुल्क सेवा जुन्या नोंदी जपून ठेवतात, आणि २०१८ पूर्वीच्या नोंदीत कधीकधी उघडे नाव सापडते. ट्रेडमार्कचा वाद लढणाऱ्या वकिलाला हा खर्च परवडतो. एकाच डोमेनची चौकशी करणाऱ्याने आधी वेबॅक मशीन या वेबसाइटांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात त्या साइटचे जुने संपर्क पान पाहावे, ते फुकट आहे. दोन्हीकडे सापडलेला माणूस आजही मालक असेलच असे नाही.

मालकाला निरोपच पोहोचवायचा असेल, तर नोंदीत दिलेला मुखवटा-ईमेल (खरा पत्ता न दाखवता निरोप मालकाकडे पाठवणारा) किंवा रजिस्ट्रारचा फॉर्म वापरावा. बनावट साइटची तक्रार रजिस्ट्रारच्या ‘अब्यूज’ पत्त्यावर जाते आणि तो पत्ता झाकलेला नसतो. झाकलेले नावच हवे असेल, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या आयकॅनच्या आरडीआरएस यंत्रणेतून कारण देऊन अर्ज करता येतो, पण तिच्यातला सहभाग रजिस्ट्रारांना ऐच्छिक ठेवण्यात आला आणि नाव द्यायचे की नाही हे शेवटी रजिस्ट्रारच ठरवतो.