खुराड्याची जमीन: कोबा, प्लायवर विनाइल की जाळी?

खुराड्याची जमीन निवडताना आपण वरचा गुळगुळीतपणा बघतो. खरी घाण मात्र सांध्यात आणि कोपऱ्यात साठते. कोंबडीच्या विष्ठेत साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं. ते मुरतं तिथे अमोनियाचा उग्र वास सुटतो, कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात आणि रक्ती हगवणीला लागणारी ओल आयती मिळते. म्हणून मी प्रत्येक पर्यायाला दोनच प्रश्न विचारतो: पाणी कुठे जाईल, आणि फावडं कुठे अडेल?

मातीची जमीन कोंबड्यांना सगळ्यांत आवडते, मनसोक्त उकरता येतं. पण ती धुता येत नाही, आणि घूस खालून बीळ पाडते. दिवसा फिरायला माती उत्तम, रात्री कोंडायच्या जागेत नको.

शेड कायमची असेल तर कोब्याला तोड नाही. बीळ पडत नाही, पाइप लावून धुता येतो, वरून चुना मारता येतो. मात्र उतार कोबा घालतानाच द्यावा लागतो: मीटरला दोनेक सेंटिमीटर, दाराच्या दिशेने. गवंड्याला आणखी दोन गोष्टी बजावून सांगा. भिंत आणि जमीन मिळते तिथे काटकोन न ठेवता सिमेंटची गोलाई करायची, म्हणजे खराटा कोपऱ्यात अडत नाही. आणि घोटाई आरशासारखी नको, ओल्यात पाय घसरतात. निदान 7 दिवस पाणी मारा, नीट सुकू द्या, मगच कोंबड्या आत. कोबा कडक आणि गार असतो, त्यामुळे वर तुसाची किंवा भुशाची 5 ते 8 सेंटिमीटर गादी हवीच.

खुराडं लाकडी, पायांवर उचललेलं असेल तर प्लायवर विनाइल शीट. इथे सगळा खेळ कडांचा आहे. पहिल्यांदा मी शीट भिंतीलगत बरोबर मापात कापली आणि कडेकडेने खिळे मारले. वर सगळं लख्ख. वर्षाने कोपरा उचलून पाहिला तर खालचा प्लाय काळा पडलेला, बोटाने दाबला की पापुद्रे सुटत होते. धुण्याचं पाणी प्रत्येक खिळ्यापाशी आत झिरपलं होतं. फार वाईट वाटलं, कारण वास मला आधीच येत होता आणि मी रोज नुसती गादी बदलत होतो.

आता शीट अखंड घेतो, आदल्या दिवशी उन्हात पसरून मऊ करतो आणि तीन भिंतींवर 10 सेंटिमीटर वर चढवतो. कोपऱ्यात कापत नाही, दुमडतो. जमिनीत एकही खिळा नाही. वरची कड लाकडी पट्टीखाली भिंतीवर दाबायची. दाराशी शीट उंबऱ्यावरून बाहेर लोंबू द्यायची, म्हणजे सगळा गाळ एका ओढीत घमेल्यात पडतो. लाल माइट (गोचिडीसारखे बारीक जीव) दिवसा फटीत लपतात आणि रात्री कोंबड्यांचं रक्त पितात, तेव्हा पट्टीच्या वरची फटही भरून घ्या. लहान पिल्लं मात्र उघड्या विनाइलवर सोडू नका, पाय फाकतात आणि कायमचे अधू होऊ शकतात.

जाळी दिसायला सर्वांत स्वच्छ, विष्ठा आपोआप खाली पडते. पण साफसफाई तिथेच राहते, फक्त वाकून करावी लागते. भोकं बारीक असली तर विष्ठा अडकून वाळते, मोठी असली तर उंदीर शिरतात. वजनदार कोंबड्यांच्या तळव्यांना तारेने जखमा होतात, मग सूज आणि पू. पूर्ण जमीन जाळीची करू नये, असं माझं ठाम मत आहे. रबरी मॅट मऊ असते, पण खाली पाणी कोंडतं. उचलून वाळवता येईल एवढी छोटी असेल तरच घ्या.

जमीन कुठलीही असो, बसायच्या दांडीखाली सुटा ट्रे ठेवा. कोंबड्या रात्रभर एकाच जागी बसतात, त्यामुळे विष्ठेचा मोठा वाटा तिथेच पडतो. सकाळी दार उघडलं की आधी तो ट्रे रिकामा करायचा.