पांढरी की केशरी? गराडूच्या बशीशेजारी दोन बाटल्या

केशरी वाईन संत्र्यांची नसते. माझ्या वहिनीचं माहेर नागपूरचं, तिने बाटली पाहताच पहिलं हेच विचारलं. ती पांढऱ्या द्राक्षांचीच असते, फरक सालींचा. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षं दाबून रस लगेच वेगळा काढतात आणि नुसता रस आंबवतात. केशरीत रस सालींसकट आंबतो, काही दिवस किंवा काही महिने. रंग आणि तुरटपणा तिथून येतो.

जानेवारीत इंदूरच्या घरी आम्ही दोन्ही शेजारी ठेवल्या: नाशिकची पांढरी सोव्हिन्यों ब्लां आणि जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत डॉक्टरकी शिकणाऱ्या भाच्याने आणलेली केशरी, रकात्सितेली नावाच्या पांढऱ्या द्राक्षांची. जॉर्जियात ती क्वेव्रीत, म्हणजे जमिनीत पुरलेल्या मोठ्या मातीच्या रांजणात करतात. काखेती भागात साली, बिया, कधी देठही पाच-सहा महिने आत राहतात. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंदवली.

सोव्हिन्यों ब्लां लगेच ओळखीची होते: लिंबू, पेरू, नुकतं कापलेलं गवत. घोट आंबटसर, हलका. केशरीचा वास मात्र फसवतो. जर्दाळू, मध, वाळलेली संत्र्याची साल, त्यामुळे गोड असेल असं वाटतं. घोट कोरडा निघतो आणि मागून तुरटपणा चढतो, जांभळं खाल्ल्यावर जीभ ओढली जाते तसा. पहिला घोट नवऱ्याला अजिबात आवडला नाही. मलाही नाही. चूक आमचीच, बाटली थेट फ्रिजमधून काढली होती. फार गार असली की तुरटपणा टोचतो आणि वास दबतो. अर्ध्या तासाने तीच वाईन खुलली. पांढरी ८ ते १० अंशांवर प्या, केशरी १२ ते १४ वर.

जेवायच्या आधी गप्पा मारत एक पेला घ्यायचा असेल तर पांढरीच घ्या. भुट्ट्याच्या किसाशीही तीच जमते, दुधाच्या गोडसर चवीवर तिचा आंबटपणा छान लागतो. पण तळलेल्या गराडूवर (हा एक कंद) जीरावन मसाला आणि लिंबू पडलं की ती हरवून जाते. तिथे केशरी उभी राहते: तुरटपणा तेल कापतो, मसाल्याला भिडतो. पनीर आणि मटणासोबतही मी तीच निवडेन, फक्त रस्सा झणझणीत नको. रतलामी शेवेसोबत घेतली तेव्हा तिखट दुपटीने झोंबलं.

नाशिकची बाटली मिळवणं सोपं, खिशालाही बरी. केशरीसाठी बहुधा बाहेरून येणाऱ्या कुणाला तरी सांगावं लागतं, म्हणून पहिली बाटली चौघांत वाटून घ्या. गढूळ दिसली, तळाशी गाळ असला तरी घाबरू नका, बऱ्याचशा न गाळताच भरतात. आमच्या दोन्ही बाटल्या थोड्या उरल्या होत्या, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पांढरी निस्तेज झाली होती, केशरीला अजून जर्दाळूचा वास होता. तिचा शेवटचा पेला नवऱ्याने मागून घेतला.