आठ इंची डॉब्सोनियन: श्यामशबलच्या कसोटीवर
डॉब्सोनियन म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण. हिला २०० मिमीचा आरसा, १२०० मिमी नाभीय अंतर. सोबतच्या २५ मिमी नेत्रिकेतून (डोळ्याजवळच्या भिंगातून) ४८ पट वर्धन मिळतं आणि श्यामशबल या तारकासमूहासाठी बहुतेक वेळ तेवढं पुरतं. कोर कॅरोली या जोडताऱ्याची जोडी (तेज २.९ आणि ५.६ प्रत, आकाशातलं अंतर १९ विकला, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाच्या १९ पट) त्यातच स्वच्छ सुटी दिसते. एम ९४ या दीर्घिकेचा गाभा ठळक. एम ५१ या दीर्घिकांच्या जोडीचे दोन्ही गाभे काळ्या आकाशात सहज, सर्पिल भुजा मात्र तिरक्या नजरेनेच (थोडं बाजूला पाहून). शहरातून अपेक्षाच नको. १० मिमीची नेत्रिका यथातथाच.

गाडीतून नेल्यावर आरसे हलतात, ताऱ्यांना एका बाजूला शेपूट फुटतं. कॉलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, दरवेळी तपासा. आरसा निवायला पाऊण तास द्या. एप्रिलच्या रात्री श्यामशबल बराच वर असतो, सरळ शोधकातून (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीतून) मान अवघडते. काटकोनी शोधक घ्याच.