हजेरी, मोजमाप की उक्तं? बांधकामाच्या मजुरीचं कसं ठरवायचं

काम काढलं की मिस्त्री पहिलं हेच विचारतो, हजेरीवर (दिवसाच्या मजुरीवर) करायचं की अंगावर (ठेक्याने) देताय? तेव्हा नुसता रेट ऐकून हो म्हणू नका, आधी बघा की त्या कामातलं नंतर झाकलं जाणारं किती आहे. माझा तरी सगळा निर्णय त्यावरच होतो.

आमच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग मी चौरस फुटावर दिलं होतं. दोन दिवसांत उरकलं, वर टाइल्स बसल्या, आणि पुढच्याच वर्षी खालच्या स्लॅबला ओल आली. कोपऱ्यात गोलाई दिलीच नव्हती, पाइपाभोवतीची फट तशीच होती. मिस्त्री वाईट नव्हता हो, पण त्याला पैसे क्षेत्रफळाचे मिळणार होते, कोपऱ्याचे नाही. तेव्हापासून वॉटरप्रूफिंग, गळती, जुन्या भिंतीची दुरुस्ती असली कामं मी हजेरीवरच करून घेते.

हजेरीत काम लांबतं हे खरंय. पण लांबायला बऱ्याचदा आपणच कारण असतो, सिमेंट वेळेवर नाही, टाइल्स अजून ठरल्या नाहीत, मग माणसं बसून राहतात, आणि त्या दिवसाची मजुरी कापणं मला अजिबात पटत नाही, ते बिचारे आपलं काम सोडून आलेले असतात.

मोजमाप, म्हणजे जेवढं काम तेवढे चौरस फुटाच्या रेटने पैसे, हे टाइल्स, रंग, प्लास्टर अशा डोळ्यांना दिसणाऱ्या कामाला चांगलं. तरी दोन गोष्टी सांभाळा. विटांची भिंत एका दिवसात दीड मीटरच्या वर चढवू नये, पण रेटवर काम असलं की ती चढतेच, खालचा मसाला ओला असतानाच वर वजन येतं. दुसरं म्हणजे माल आपला असेल तर तो जास्त जातो. 100 चौरस मीटर प्लास्टर 12 मिमीने केलं तर 1.2 घनमीटर मसाला लागतो, तेच 20 मिमी झालं तर 2 घनमीटर. मजुरी तेवढीच, सिमेंट-वाळू मात्र आपली गेली. आणि मोजताना दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही हे आधीच लिहून घ्या, भांडणं तिथेच होतात. भिंतीवर-प्लास्टरवर पाणी कोण मारणार तेही लिहा, कारण निदान सात दिवस मारावं लागतं आणि तोवर गवंडी दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

उक्तं, म्हणजे सगळं मिळून एक रक्कम, हे ड्रॉइंग पक्कं असेल तरच. मधेच भिंत सरकवायची असेल तर प्रत्येक बदलाचे एक्स्ट्रा लागतात आणि घासाघीस करायला आपल्या हातात काही उरत नाही. उचल झालेल्या कामापेक्षा जास्त देऊ नका, पण झालेल्या कामाचे पैसे अडवूही नका. पैसे मुकादमाकडे जात असतील तर बिगारी बायकांनाही वेळेवर मिळतात का ते त्यांनाच विचारा, तो समोर नसताना.

शेवटचा हप्ता मी आता बाथरूममध्ये 24 तास पाणी तुंबवून, खालचं छत कोरडं बघितल्यावरच देते. आणि हे मी काम सुरू व्हायच्या आधीच सांगते.