‘स्वयम’चा कोर्स की काठावरचा पावसाळा?

भाची इंदूरच्या एका पक्षीसंवर्धन संस्थेत नुकतीच लागली. तिचा पेच असा: वन्यजीव संवर्धनाचा अभ्यासक्रम सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन शिक्षण मंचावरून करावा, की २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेल्या इंदूरजवळच्या यशवंत सागर जलाशयाच्या काठच्या शेतकऱ्यांबरोबर एक हंगाम काढावा?

खर्चात ‘स्वयम’ला तोड नाही. शिकणं फुकट, शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. नोकरी सांभाळून रात्री करता येतं.

पण या काठावरचा सारस हा उंच क्रौंच पक्षी पावसाळ्यात घरटं करतो. अंडी बहुधा दोन, उबवायला महिनाभर. नेमकी तेव्हाच सोयाबीनवर फवारणी चालू असते. बांधावरचं गवत कधी कापू नये, पाण्याकाठी किती पट्टा मोकळा सोडायचा, हे शेतकऱ्याशी बोलूनच ठरतं. त्याचं नुकसान कोण भरून देणार, हा प्रश्नही तिथेच समोर येतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा धडा. पेट्रोल आणि वेळ मात्र भरपूर जातो, हाती कागदही येत नाही.

परिसंस्थेच्या अभ्यासाचा पायाच कच्चा असेल किंवा बढतीसाठी प्रमाणपत्र लागणार असेल, तर ‘स्वयम’. गावागावांत काम करायचं असेल, तर जूनपासून काठावर. भाचीला मी काठच सुचवलाय.