झोटेरो: धार्मिक बहुलता आणि राजकीय ईश्वरशास्त्राच्या अभ्यासकाला कितपत पुरतं?

संशोधनातले संदर्भ सांभाळायला झोटेरो हे सॉफ्टवेअर उत्तम आहे. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, डीओआय (लेखाचा ओळख क्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) टाकला की नोंद भरून येते. पण धार्मिक बहुलता आणि राजकीय ईश्वरशास्त्र (राजसत्ता आणि धर्मविचार यांच्या नात्याचा अभ्यास) या विषयात ती आपोआप भरलेली नोंद तशीच ठेवली, तर प्रबंध हमखास अडचणीत येतो.

जर्मन विचारवंत कार्ल श्मिटचं ‘पोलिटिकल थिऑलॉजी’ घ्या. मूळ जर्मन पुस्तक 1922 चं, इंग्रजी अनुवाद 1985 चा, आणि हाताशी असते ती बहुधा 2005 ची आवृत्ती. आयएसबीएनवरून फक्त 2005 येतं. मग ‘श्मिट 2005’ असं छापलं जातं आणि पुस्तकातला वाद वायमार प्रजासत्ताकातला (पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीतला) आहे, हे वाचणाऱ्याला कळायला जागाच उरत नाही. यासाठी झोटेरोतल्या नोंदीच्या ‘एक्स्ट्रा’ रकान्यात इंग्रजी अक्षरांत ‘ओरिजिनल डेट’, पुढे अपूर्णविराम (दोन टिंबं) आणि 1922 असं लिहावं. ‘शिकागो’ या संदर्भलेखन पद्धतीच्या लेखक-वर्ष शैलीत दोन्ही सालं उमटतात. तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या 1670 च्या ग्रंथालाही हेच लागू. अनुवादक लेखकांच्या रांगेत घुसला असेल, तर नावाआधीच्या यादीतून ‘ट्रान्सलेटर’ निवडा. मूळ जर्मन पुस्तकाच्या नोंदीत ‘लँग्वेज’ रकाना रिकामा ठेवू नका. तो रिकामा असला की शीर्षक इंग्रजी समजलं जातं आणि नको तिथे कॅपिटल अक्षरं येतात.

तुकाराम किंवा सूफी विचारवंत इब्न अरबी यांची नावं आडनाव-नावात तोडू नयेत. नावाशेजारच्या बटणाने एकच रकाना करून घ्यावा.

धर्मग्रंथांच्या बाबतीत मात्र झोटेरो तोकडं पडतं. कुराणातली आयत, बायबलमधलं वचन, ऋग्वेदातली ऋचा यांचे संदर्भ सहसा ग्रंथसूचीत जात नाहीत, मजकुरात किंवा तळटीपेत अध्याय-क्रमांकासह येतात. झोटेरोतून घातले की सूचीत शिरतात. ते हातानेच लिहा, आणि कोणत्या ग्रंथाचे क्रमांक कोणत्या पद्धतीने द्यायचे हे पहिल्या प्रकरणाआधीच ठरवा. तुलनात्मक कामात परीक्षकाची नजर इथे आधी जाते.

झोटेरोच्या सर्व्हरवर फायलींसाठी मोफत साठवण 300 एमबी. स्कॅन केलेल्या पुस्तकांनी ती पटकन भरते. भरल्यावर फायलींचं सिंक (सर्व्हरशी जुळवणं) थांबतं, नोंदींचं चालू राहतं. जागा वाचवायला झोटेरोचं डेटा फोल्डर ड्रॉपबॉक्ससारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये अजिबात हलवू नका, डेटाबेस बिघडतो. वर्डमधलं ‘अनलिंक सायटेशन्स’ (संदर्भांचा झोटेरोशी दुवा तोडणारं बटण) अगदी शेवटी, तेही फाइलची वेगळी प्रत काढूनच वापरा. त्यानंतर झोटेरोतून संदर्भांची शैली बदलता येत नाही.