सिल्कसाँग: गोंगाट ओसरल्यानंतर

हा अभिप्राय मुद्दाम उशिरा लिहितोय. 4 सप्टेंबर 2025 ला 'होलो नाइट: सिल्कसाँग' हा किड्यांच्या राज्यातला व्हिडिओ गेम आला, त्या आठवड्यात धड गेमबद्दल कुणी बोलतच नव्हतं. जो तो आपण किती वर्षं वाट पाहिली ते सांगत होता, नाहीतर गेम किती छळतो ते. त्या आठवड्यातल्या बातम्यांमधला सिल्कसाँग आणि इतके महिने खेळून हातात मुरलेला सिल्कसाँग यांत बरंच अंतर आहे. मुख्य गोष्ट संपवून झाली, तिसऱ्या अंकातला खरा शेवट पाहून झाला, तरी अधूनमधून अजून सुरूच असतो. कथेतलं मोठं काही फोडणार नाही. भागांची, बॉसची म्हणजे मोठ्या शत्रूंची आणि क्षमतांची नावं मात्र येतील.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय त्या गोंगाटाचा उलगडा होत नाही. गेम बनवणारी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची टीम चेरी म्हणजे जेमतेम तीन-चार माणसांचं काम. त्यांचा मूळ होलो नाइट 2017 चा. त्यासाठी लोकांकडून पैसे उभारणाऱ्या किकस्टार्टर मोहिमेत आणखी एक खेळता येणारं पात्र द्यायचं कबूल केलं होतं, ते म्हणजे हॉर्नेट. ते डीएलसी, म्हणजे मूळ गेमला जोड म्हणून यायचं होतं, पण फुगत फुगत गेलं आणि 14 फेब्रुवारी 2019 ला स्वतंत्र गेम म्हणून जाहीर झालं. त्याच जूनमध्ये ई-थ्री या गेम प्रदर्शनात लोकांना तो थोडासा खेळायलाही मिळाला. नंतर सामसूम. जून 2022 मध्ये एक्सबॉक्सच्या कार्यक्रमात ट्रेलर झळकला, आणि त्या कार्यक्रमात दिसलेलं सगळं बारा महिन्यांत खेळता येईल असं सांगितलं गेलं. मे 2023 मध्ये कळलं, अजून वेळ लागेल. तोवर नवे गेम जाहीर करणाऱ्या प्रत्येक निन्टेन्डो डायरेक्ट कार्यक्रमाच्या आधी चाहते स्वतःच्याच चेहऱ्याला विदूषकाचा रंग फासलेली चित्रं टाकायला लागले होते.

खरं कारण ऑगस्ट 2025 मध्ये समजलं आणि ते फारच साधं निघालं. टीम चेरीच्या ॲरी गिब्सन आणि विल्यम पेलन यांनी ब्लूमबर्गला सांगितलं, की कुठे काही अडलं नव्हतं. काम करताना मजा येत होती, म्हणून भर घालत राहिलो. गिब्सनला तर एका टप्प्यावर नवी रेखाटनं काढणं थांबवावं लागलं, कारण कागदावर उतरलेलं प्रत्येक चित्र गेममध्ये घ्यावंसं वाटायचं. कुणी म्हणायचं स्टुडिओत भांडणं झाली, कुणी म्हणायचं इंजिन बदललं, कुणी म्हणायचं पैसे संपले. सहा वर्षांचे सगळे तर्कवितर्क एका मुलाखतीत पाण्यात गेले.

मग 21 ऑगस्टला तारीख जाहीर झाली, फक्त दोन आठवडे आधी. 'बेबी स्टेप्स', 'डेमनस्कूल' अशा काही छोट्या गेम्सनी आपल्या तारखाच पुढे ढकलल्या. प्रकाशनाच्या घटकेला स्टीमपासून निन्टेन्डोच्या ई-शॉपपर्यंत ऑनलाइन दुकानं गडगडली आणि पहिल्याच दिवशी एकट्या स्टीमवर एकाच वेळी 5 लाखांहून जास्त लोक खेळत होते. चाहता म्हणून छाती फुगली, खोटं कशाला बोलू? पण यातलं काहीही गेम कसा आहे ते सांगत नाही.

पहिला मोठा मथळा होता: 'फारच अवघड'. खरा आहे, पण अर्धाच. सुरुवातीला तुमच्याकडे पाच मास्क (जीव मोजायचं माप) असतात आणि बरेच शत्रू, सापळे, काही बॉसचा तर नुसता स्पर्शसुद्धा, एका फटक्यात दोन मास्क काढतो. म्हणजे तीन फटके आणि खेळ खल्लास. मूळ गेममधून थेट येणाऱ्याला हा अन्याय वाटतो, आणि म्हणून दोन-चार दिवसांत दुहेरी फटका काढून टाकणारे, चाहत्यांनी केलेले मॉडही आले. पण हिशेबाची दुसरी बाजू त्या बातम्यांत कुठेच नव्हती. जुन्या गेममध्ये थांबून थांबून एकेक मास्क भरायचा. इथे आपण जिला खेळवतो ती हॉर्नेट एका 'बाइंड'मध्ये, म्हणजे रेशमाने जखमा बांधून, तीन मास्क एकदम भरते, आणि तेही हवेत उडी मारलेली असताना. त्यासाठी रेशमाची रीळ जवळजवळ पूर्ण भरलेली लागते आणि रीळ भरायची तर मारा करत राहावं लागतं. म्हणजे मागे सरून जीव वाचवणाऱ्याला हा गेम हळूहळू संपवतो आणि पुढे घुसणाऱ्याला जगवतो. हे मनगटात उतरलं की दुहेरी फटका खटकत नाही. हल्ली एकच फटका देणारा शत्रू समोर आला तर उलट जरा अपमानच वाटतो.

खाली मारायच्या तिरक्या वाराचंही तेच. पहिल्या दिवसापासून बोंब होती, की हॉर्नेट सरळ खाली का मारत नाही. त्या लाल फुलांवरून उसळत उसळत जाताना मीही भरपूर शिव्या घातल्या. पण क्रेस्ट, म्हणजे लढायच्या पद्धती, बदलले की वार बदलतो. वॉन्डररचा क्रेस्ट लावला की सरळ खाली, झटपट, अगदी मूळ गेमच्या नायकासारखं, जुन्या नाइटसारखं. रीपरचा लावला की रुंद, जड, कापत जाणारे वार. बीस्टचा क्रेस्ट तर बाइंडचंच गणित उलटवतो: आधी चवताळायचं, मग मारून मारून जीव परत मिळवायचा. मजा म्हणजे तोवर सुरुवातीच्या हंटर क्रेस्टची तिरकी झेप इतकी अंगवळणी पडते, की बरेच जण शेवटी त्याच्याकडेच परततात. मी रीपरवर स्थिरावलो. टीकेत दम होता, पण ती पहिल्या काही तासांची होती. क्रेस्ट लवकर हाती लागले असते तर निम्मी बोंब झालीच नसती, आणि हा दोष मी मांडणीच्या खात्यावर टाकतो.

पहिल्या मोठ्या पॅचची, म्हणजे सुधारणेची, बातमीही अशीच चढवून सांगितली गेली. 'गेम सोपा केला' असा ओरडा झाला. निम्मे चाहते खूश, निम्मे संतापलेले. बदल होते किती? मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे दोन बॉस थोडे नरम केले, वाळूतून उसळणाऱ्या सँडकार्व्हरचा फटका कमी केला, मधल्या टप्प्यातल्या काही बेंचचे (मेल्यावर जिथून परत उठायचं त्या जागा) आणि बेलवेचे (प्रवासाची सोय) दर जरा उतरवले, काही ठिकाणी मण्यांची, म्हणजे इथल्या पैशांची, कमाई वाढवली. बस. ज्या जागांनी खरोखर नाकीनऊ आणले, त्यांना कुणी हातही लावला नाही.

कारण इतक्या महिन्यांनंतर माझी तक्रार फटक्यांबद्दल उरलेलीच नाही. ती आहे परतीच्या वाटेबद्दल. बॉसकडून मेलात की शेवटच्या बेंचवर उठायचं आणि पुन्हा तिथवर पोचायचं. लास्ट जज हा सिटाडेल या बालेकिल्ल्याच्या दारावरचा पहारेकरी. लढत झकास आहे. हरल्यावर तो जाता जाता फुटतो आणि बेसावध असलात तर तुम्हालाही घेऊन जातो, हा खोडसाळपणाही मला आवडला. पण प्रत्येक पराभवानंतर ब्लास्टेड स्टेप्सच्या त्याच उड्या, तेच वारे, तेच उडणारे शत्रू. लढत शिकण्यासारखी आहे, वाट पहिल्या दोनदा शिकण्यासारखी आहे, पुढे नुसती वेठबिगारी. बाइलवॉटर हा दलदलीचा भाग त्याहून वरचढ. तिथलं पाणी अंगाला अळ्या चिकटवतं, अळ्या असताना बाइंडने मास्क भरत नाहीत, जवळचा बेंच लपवलेला, आणि एवढं करून ग्रोल या बॉसपर्यंत पोचलात तर तो भेटण्याआधी शत्रूंच्या लाटा. कुणी म्हणेल, वातावरण आहे, राज्य सडलेलं आहे, त्रास व्हायलाच हवा. मला हा युक्तिवाद हंटर्स मार्चमधल्या सापळा लावलेल्या बेंचपर्यंत मान्य आहे. थकून टेकायला जावं आणि बेंचनेच दगा द्यावा. हा विनोद क्रूर आहे, पण एकदाच होतो. बाइलवॉटरचा विनोद संपतच नाही.

दुसरी तक्रार पैशांची. इथलं चलन म्हणजे जपमाळेचे मणी. नकाशे त्यांनी घ्यायचे, कित्येक बेंचवर बसायलाही तेच मोजायचे, आणि जंगली प्राणी मारून एक मणी मिळत नाही. मणी फक्त माणसाळलेल्या, यात्रेकरू किड्यांकडे. त्यामुळे पहिला अंक कायम कंगाल. पुढे पैसा इतका साठतो की त्याचं करायचं काय हा प्रश्न. हा आलेख उलटा हवा होता. मणी माळेत ओवून ठेवता येतात, मेल्यावर त्या माळा जात नाहीत. ही सोय लवकर वापरायला लागा. हत्यारांसाठी लागणाऱ्या शार्डचंही रडगाणं आहेच: अवघड बॉसवर हत्यारं उधळली, हरलात, पुन्हा उधळली, की साठा संपतो आणि लढत सोडून गोळा करत हिंडावं लागतं. ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज, त्याचीच मदत आधी आटते.

एवढी कुरकुर केल्यावर, अजून का खेळतोय?

कारण ज्याची बातमी कुठेच झाली नाही तेच या गेममध्ये सगळ्यात भारी आहे. नीडोलिन नावाचं वाद्य मिळतं. रस्त्यात कुणाहीसमोर ते छेडायचं. कुणी सूर धरतो, कुणाच्या मनातलं ऐकू येतं, कुणी गप्प बसतो. मी बॉस सोडून नुसता लोकांसमोर वाजवत फिरलोय. शेर्मा नावाचा चिमुकला यात्रेकरू बंद दारासमोर घंटा वाजवत भाबडेपणाने गात असतो आणि वर गाण्यानेच वाट मोकळी झाली असं मानतो. त्याच्यावर हसत सुरुवात होते, आणि पुढे पुढे त्याची काळजी वाटायला लागते. नकाशे विकणारी शाक्रा आधी दिसत नाही, ऐकू येते. तिचं गाणं कानावर पडलं की अनोळखी भागात जिवात जीव येतो. क्रिस्टोफर लार्किनचं संगीत उगाच मोठं होत नाही. सिटाडेलमध्ये पहिल्यांदा शिरताना ते जे करतं ते हेडफोन लावूनच ऐका.

आणि हालचाल. स्विफ्ट स्टेप म्हणजे झटपट धाव, मग घिरट्या घालायचा झगा, मग भिंतीला चिकटणं, मग क्लॉलाइन हा फेकून स्वतःला ओढत नेणारा आकडा. एकेक भर पडत जाते आणि दुसऱ्या अंकाच्या मध्यावर कधीतरी लक्षात येतं, की आपण बटणं दाबत नाही आहोत, नुसतं जिथे जायचं तिथे बघतोय आणि हॉर्नेट तिथे पोचतेय. हरवलेल्या तीस पिसवा शोधायचं काम सांगायला पोरकट वाटतं, पण मी ते याच हालचालीच्या लोभाने पूर्ण केलं. हॉर्नेट बोलते, हाही मोठा फरक. जुना नाइट मुका होता. ही फटकळ आहे, थोडी शिष्ट आहे, आणि लोकांशी बोलता बोलता विरघळत जाते.

तिसरा अंक कसा उघडतो ते गेम सांगत नाही, आणि इथे मी मार्गदर्शक पान उघडायला कुणाला नावं ठेवणार नाही. आडवाटेच्या इतक्या अटी आहेत की मनाने कुणी ओळखेल असं वाटत नाही. पण गेमचा सगळ्यात धीट भाग तोच, आणि काहींना दुसऱ्या अंकाच्या शेवटी श्रेय नामावली बघून गेम संपला असं वाटतं, याचं वाईट वाटतं.

चिनी भाषांतरावरून पहिल्या आठवड्यात स्टीमवर नकारात्मक अभिप्रायांचा पाऊस पडला. टीम चेरीने ते सुधारू म्हटलं. त्या टीकेला मी कमी लेखणार नाही. संवादांवर इतका जीव असलेला गेम कानाला खोटा लागला तर उरतं काय?

डिसेंबरच्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्कृष्ट गेम 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन 33' ठरला, सिल्कसाँगला ॲक्शन-ॲडव्हेंचर विभागाचा पुरस्कार मिळाला. चाहत्यांची तोंडं पडली. मला निकाल रास्त वाटला. एक्स्पिडिशन 33 सगळ्यांना हात धरून आत नेतो. सिल्कसाँग दारात उभा राहून बघतो, तुम्ही येताय की नाही. पुन्हा पुन्हा खेळायला मात्र मी सिल्कसाँगच उघडतो.

घ्यावा का? मूळ होलो नाइट खेळला नसेल तर आधी तो घ्या. गोष्टीसाठी म्हणून नाही, हाताला वळण लागावं म्हणून. जॉयस्टिकपेक्षा डी-पॅड बरा, तिरक्या वाराचे अंदाज चुकत नाहीत. जुन्या स्विचपासून पीसीपर्यंत जवळजवळ सगळीकडे चालतो, त्यामुळे नव्या यंत्रासाठी अडून राहायची गरज नाही. हंटर्स मार्चमध्ये लवकर शिरू नका. एखाद्या बॉसवर अडलात तर दुसरीकडे वळा. नकाशाला जवळजवळ नेहमीच आणखी एक तोंड असतं, आणि परत याल तेव्हा एखादा मास्क, एखादं हत्यार जास्त असेल. रोज अर्धा तास निवांत खेळायला काही हवं असेल तर हा नको. अर्धा तास इथे एका वाटेत जातो.

डिसेंबर 2025 मध्येच 'सी ऑफ सॉरो' हा समुद्राच्या वळणाचा विस्तार जाहीर झाला, 2026 साठी आणि फुकट. ट्रेलर एकदा पाहिला. तारखेचे अंदाज बांधणाऱ्या चर्चांमधून नाव काढून घेतलंय आणि सध्या बीस्ट क्रेस्ट घेऊन नव्याने सुरुवात केलीय. मूरविंगने आत्ताच दोनदा झोपवलं, पॅचनंतरचा नरम झालेला मूरविंग.